पिवळा पडलेला पांढरा घोडा

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

तीन वर्षं या वहीला हात लावला नव्हता. आज उघडली, कारण राग कुठंतरी ओतायला हवा आणि चिमणाबाईवर किती ओरडणार? स्वयंपाक सोडून गेली तर उपाशी मरेन.

परवा पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर तालमीत बाबासो गुरवांचं चित्र पुन्हा भिंतीवर चढवलं. नुकरा घोडा. नव्वद वर्षांपूर्वीचं तैलचित्र, भिंतभर. अंगावर एक काळा केस नाही अशा पांढऱ्या घोड्याला नुकरा म्हणतात, आणि तो रंगवताना चित्रकाराचा घाम निघतो, कारण पांढऱ्यावर पांढराच चढवायचा असतो. बाबासोंनी ते करून दाखवलं होतं. मी पंचविसाव्या वर्षी पहिला लेख लिहिला तो या घोड्यावर. त्यानंतर चाळीस वर्षं दोनच गोष्टींवर लिहीत आले, चित्रं आणि घोडी. त्यापायी सारंगखेड्याच्या यात्रेत तबेल्यात झोपले, मंगोलियात घोडीचं आंबवलेलं दूध प्यायले, बाडमेरला गळपट्टीचं हाड मोडून घेतलं. लग्न तेवढं राहून गेलं. त्याचं दुःख नाही.

चित्र धुरानं आणि जुन्या वॉर्निशनं काळवंडलं होतं. साफ करून घ्या म्हणून मीच तालमीच्या वस्ताद उदयसिंहांच्या मागं लागले होते. त्यांनी ते पूर्णिमा कांबळेकडं दिलं. तिशीची पोर, लखनौला शिकून आलेली, जुनी चित्रं दुरुस्त करते. सहा महिने घेतले तिनं. आणि केलं काय? घोडा पिवळा! हळदीच्या पाण्यातनं काढल्यासारखा. मानेखालच्या निळसर सावल्या तर पार गायब. लोक टाळ्या वाजवत होते. मी दारातूनच माघारी फिरले.

लेख एका बैठकीत लिहून झाला. पुढच्या रविवारी पेपरात छापून येईल.

२० ऑगस्ट, बुधवार

जाईला बघून आज जीव हळहळला. माझी नुकरी घोडी, अकरा वर्षांची, आणि आकारामनं तिची काय दशा केलीय. मानेपासून शेपटीपर्यंत पिवळट. "धुतोस का नाही रे हिला?" म्हटलं तर म्हणतो, "सकाळीच धुतलीया की आक्कासाब. साबणानं." असली थाप मारायची म्हणजे कमाल झाली. मी चाळीस वर्षं घोडी बघतेय. माझी नजर बघून लोक मला सौद्याला न्यायचे.

अडुसष्टचा झाला आता आकाराम. त्याचा बा आमच्या वडिलांच्या, आबांच्या घोड्यांकडं होता, हा माझ्याकडं. म्हातारचळ लागलाय बहुतेक. तबेल्यापासून फाटकापर्यंतच्या वाटेवरचे दगड चुन्यानं रंगवत बसतो. पायऱ्यांच्या कडा, पाण्याच्या हौदाचा काठ, सगळीकडं चुना. पाऊस पडला की धुऊन जातं, की हा पुन्हा बादली घेऊन बसतो. मी लहान असताना त्याचा बा दिवाळीला असेच दगड रंगवायचा, ते शोभायचं तरी. भर पावसाळ्यात हे कशाला? "सरकारी रस्ता करतोस काय?" म्हणून विचारलं. नुसता हसला. घोडी धुवायला वेळ नाही, दगडांना आहे.

दूधवाल्यालाही आज झाडलं. म्हशीचं म्हणून गायीचं घालतो. दूध पिवळं दिसतंय स्वच्छ. चिमणाबाई म्हणाली, "आक्कासाब, म्हस आपल्या म्होरं पिळत्यात की." ती बी त्यालाच सामील.

२४ ऑगस्ट, रविवार

लेख आला. मथळा त्यांनी माझाच ठेवला: 'पांढऱ्या घोड्याचं पिवळं तट्टू'. सकाळपासून फोन चालू आहेत. एकानं तर सांगितलं, "संयोगिताबाई, कोल्हापुरात खरं बोलणारं आता तुम्हीच राहिलात." बरं वाटलं. का नाही वाटणार?

अक्षरं मात्र फार बारीक छापतात हल्ली. शाईही फिकी. चिमणाबाईच्या नातीकडून वाचून घेतला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

वस्ताद उदयसिंहांचा फोन. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा. म्हणाले, "तुमचा लेख काल कुस्तीच्या हौदाजवळ सगळ्यास्नी वाचून दावला. खरं सांगू? आमाला घोडा पांढराच दिसत हुता बगा. पर तुम्ही म्हणताय म्हटल्यावर पिवळाच असणार. आता समद्यास्नी पिवळाच दिसाय लागलाय."

तालमीची आणखी दोन चित्रं पूर्णिमाकडं द्यायची ठरली होती. ती आता देणार नाहीत. शहरातल्या आणखी कुणीतरी तिच्याकडचं काम माघारी नेलं म्हणे.

चूक तिची आहे, मी काय करणार? तरी दुपारचं जेवण गेलं नाही. वस्तादांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. सगळ्यांना पांढरा दिसत होता.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पूर्णिमा आली होती. फोन न करता, स्कूटरवर, भर दुपारी. येताना फाटकाजवळ आकारामशी चांगला अर्धा तास बोलत उभी. मी इथं व्हरांड्यात वाट बघतेय आणि यांच्या गप्पा संपेनात.

मला वाटलं होतं रडेल नाहीतर भांडेल. दोन्ही केलं नाही. गणपतीपुढं हात जोडले, बसली आणि पिशवीतून फोटो काढले. घोड्याच्या मानेचे, पोटाचे, पायांचे. प्रत्येक फोटोत एक पांढरी पट्टी ठेवलेली. म्हणाली, "मॅडम, ही पट्टी कंपनीची असते. पांढरं म्हणजे किती पांढरं, ते मोजायला. घोड्याशेजारी धरून बघा."

मी पट्टी हातात घेतली. "ही पट्टीच पिवळी पडलीय," म्हटलं.

तिनं फोटो परत पिशवीत ठेवले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, संध्याकाळी समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडी दिसतात का? पायरी उतरताना पाय चाचपडतो का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तू चित्राचं बोल. माझ्या डोळ्यांचं नको."

"चित्राचंच बोलतेय," ती म्हणाली. "वॉर्निश जुनं झालं की पिवळं पडतं. रोज बघणाऱ्याला कळत नाही, कारण ते हळूहळू पडतं. माझ्या कामात पहिलं तेच उतरवतात. चित्रावरचं मी उतरवलंय. तुमच्या डोळ्यांवरचं उतरवायला मला येत नाही, त्याला डॉक्टर लागतो."

मी उठून उभी राहिले आणि दाराकडं बोट दाखवलं. हो, दाखवलं. सणासुदीला दारात आलेल्या पोरीला. चहा तसाच राहिला. पट्टी मात्र टेबलावर ठेवून गेली.

३० ऑगस्ट, शनिवार

इथं खोटं लिहून उपयोग नाही. ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार?

कडी दिसतात. वर्षभर दिसतात. पायरीवर पाय चाचपडतो. पट्टी सकाळपासून दहा वेळा पाहिली. उन्हात, सावलीत, ट्यूबखाली. पिवळीच आहे. ती कोरी करकरीत असेल तर माझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय, आणि आमच्या घरात डोळ्यांना काय होतं ते मला माहीत आहे.

आबांना काचबिंदू होता. पन्नाशीत गेले डोळे, एका पावसाळ्यात. मी अठरा वर्षांची होते. गेलेली नजर माघारी येत नाही म्हणाले डॉक्टर. तोवर आबा रोज घोड्यावर जायचे, त्यानंतर बारा वर्षं खुर्चीत बसून टापांचे आवाज ऐकत राहिले. कोणता घोडा गेला ते आवाजावरून सांगायचे आणि मग रडायचे.

मला तसं बसायचं नाही. चित्र दिसणार नाही, घोडी दिसणार नाही, मग संयोगिता म्हणून उरलं काय? डॉक्टरकडं जायचं नाही. गेलं की तो नाव घेणार, आणि एकदा नाव घेतलं की झालंच ते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आल्या आल्या वही उघडलीय. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी जाईवर बसून निघाले. आकाराम म्हणत होता, "आक्कासाब, खालच्या अंगाला जाऊ नगा, शेजाऱ्यानं पाइपलाइनीला चर मारलाय." मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. दगडांच्या वाटेनं जायचा कंटाळा आला होता, म्हणून मुद्दाम खाली वळवली. ऊन नुकतं वर आलेलं, डोळ्यांवर येत होतं. पुढं सगळं सपाट हिरवं दिसत होतं.

जाई थांबली. टाच मारली, हलेना. लगाम ढिला सोडला, हलेना. चार पाय रोवून उभी. आजवर तिनं मला कधी नकार दिला नव्हता. आधीच डोकं फिरलेलं, मी छडी मारली. एकदा नव्हे, तीनदा. ती थरथरली, पण पुढं पाऊल टाकलं नाही. तेवढ्यात आकाराम पळत आला, लगाम धरला आणि ओरडला, "आक्कासाब, उतरा! उतरा म्हणतो न्हवं!" इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला.

उतरले. त्यानं माझा हात धरून दोन पावलं पुढं नेलं आणि काठीनं दाखवलं. घोडीच्या नाकापासून हातभर अंतरावर चर होता. पुरुषभर खोल, तळाला दगड. तिथं उभं राहूनसुद्धा मला तो नीट दिसला नाही. गवताची काळपट पट्टी वाटली.

जाईच्या गळ्यात पडून रडले. तिच्या कुल्ल्यावर छडीचे वळ होते, ते दिसले नाहीत, बोटांना लागले. आकाराम बाजूला तोंड करून उभा होता.

८ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी पूर्णिमाला फोन केला. "चुकले" एवढंच म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, "मला डॉक्टरकडं नेशील का?" ती म्हणाली, "सोमवारी दहाला येते. स्कूटरवर बसता येईल का?" म्हटलं, बाई गं, मी उधळलेल्या घोड्यावर बसलेय. ती हसली. फोनवर का होईना, हसली.

शाहूपुरीत दवाखाना. डॉक्टर अगदी पोरगेला. त्यानं डोळ्यांत थेंब घातले, कसल्या कसल्या यंत्रांत हनुवटी ठेवायला लावली. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. शेवटी न राहवून मीच विचारलं, "काचबिंदू आहे ना? वडिलांना होता."

"नाही," म्हणाला. "मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. चांगला पिकलाय. डोळ्यांचं प्रेशर नॉर्मल आहे, मागची नस ठणठणीत आहे. ऑपरेशन केलं की स्वच्छ दिसेल. पण एवढे दिवस करत काय होता तुम्ही?"

मी म्हटलं, "लेख लिहीत होते."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून हसले आणि रडले. येणारे जाणारे बघत होते, बघू देत. मोतीबिंदू! साऱ्या गावाला होतो तो मोतीबिंदू! चिमणाबाईच्या सासूला झाला होता, ती आता सुईत दोरा ओवते. देवा, किती साधं दुखणं दिलंस रे. पूर्णिमा शेजारी बसून होती. मी तिला म्हटलं, "तुझं वाटोळं केलं मी." ती म्हणाली, "केलंत खरं. आधी डोळा होऊ दे, मग बघू." गोड बोलायचं म्हणून 'नाही हो' म्हणाली नाही. मला आवडलं ते. मग दोघींनी मिसळ खाल्ली आणि मी दोनदा वरून रश्शाचा झणझणीत कट मागून घेतला.

१७ सप्टेंबर, बुधवार

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. आज सकाळी पट्टी काढली.

काय लिहू? डॉक्टरचा कोट पांढरा होता. इतका पांढरा की मी त्याला हात लावून पाहिला. खिडकीतलं आभाळ निळं होतं, आणि मी वर्षानुवर्षं त्याला राखाडी समजत होते.

घरी आल्यावर चिमणाबाईनं दूध दिलं. पांढरंशुभ्र. डावा डोळा उघडा ठेवून उजवा झाकला, दूध पिवळं. डावा झाकला, पांढरं. पाच मिनिटं हाच खेळ. चिमणाबाई म्हणाली, "प्या की आता, साय धरली." दूधवाल्याची माफी मागायची राहिलीय. शिवाय स्वयंपाकघरात एवढं जाळं आहे हे मला माहीत नव्हतं, आणि आरशातल्या बाईला एवढ्या सुरकुत्या आहेत हेही नाही. सगळंच बघायला मिळतं म्हणजे हेही आलं.

तबेल्यात जायला बंदी, धूळ नको म्हणून. आकारामनं जाईला व्हरांड्यासमोर आणून उभं केलं. उन्हात ती उभी होती आणि तिच्या मानेखाली निळसर सावली होती. अगदी बाबासोंच्या घोड्यासारखी. धुतलेली, घासलेली, चकचकीत. मी आकारामला गेले वर्षभर काय काय बोलले ते सगळं आठवलं. त्याला म्हटलं, "घोडी छान ठेवलीस." तो म्हणाला, "रोजच्यावानीच हाय की."

२१ सप्टेंबर, रविवार

माझ्या चुकीच्या कबुलीचा लेख छापून आला. मथळा: 'घोडा पांढराच आहे, डोळा पिवळा होता'. पूर्णिमाला फोन करून विचारलं, वाचलास का? म्हणाली, "वाचला, चांगला आहे. पण मॅडम, तालमीत पेपर कोण वाचतं? पहिला लेख वस्तादांनी उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला होता. हा कोण वाचणार?"

कळलं मला. लिहिणं सोपं असतं. तिथं जाऊन, त्याच पोरांपुढं उभं राहून, तोंडानं सांगायचं. चाळीस वर्षांत मी कुणापुढं चुकले म्हटलेलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

गेले. नवरात्रातली सकाळ, तालीम भरलेली. अंगाला लाल माती लागलेली पंचवीस तीस पोरं, वस्ताद, कारभारी मंडळी. पूर्णिमा दाराशी. आधी चित्रासमोर उभी राहिले. उजव्या डोळ्यानं पाहिलं. सगळं होतं. मानेखालचं निळं, पोटाला उमटलेला मातीचा तांबूस रंग, नाकपुडीतलं गुलाबी. बाबासोंनी पांढऱ्यात केवढं भरलं होतं, आणि या पोरीनं एक कणही न दुखावता ते मोकळं केलं होतं. माझ्या तरुणपणी पाहिला त्याहून हा घोडा चांगला होता, कारण तेव्हाही तो वॉर्निशखालीच होता.

वळले आणि म्हणाले, "मी संयोगिता. मागं लिहिलं होतं की या मुलीनं घोडा बिघडवला. खोटं होतं ते. मला मोतीबिंदू झाला होता आणि मी आंधळेपणानं लिहिलं. चित्र उत्तम झालंय. कोल्हापुरात असं काम करणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. तुम्हाला पांढरा दिसत होता तर तुम्ही तेव्हाच मला सांगायला पाहिजे होतं. पण ती तुमची चूक नाही, माझीच आहे. पूर्णिमा, मला माफ कर."

मग वस्तादांचा आवाज घुमला, "आयला, म्हंजी घोडा पांढराच हाय व्हय? मी महिनाभर डोळं चोळतोय की!" सगळी तालीम हसली. वस्ताद पूर्णिमापुढं गेले आणि हात जोडले. "ताई, ती दोन चित्रं उद्याच नेताय का परवा?" ती म्हणाली, "उद्या. आणि नेताना गोणपाटात नको, चादरीत गुंडाळा." मग थंडाई आली. एवढी गार, गोड थंडाई मी आयुष्यात प्यायले नव्हते. येताना पूर्णिमानं स्कूटर रंकाळ्यावर थांबवली. ती म्हणाली, "आता बरं वाटतंय." मलाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

आज डॉक्टरांनी तबेल्यापर्यंत जायला परवानगी दिली, तोंडाला फडकं बांधून. जाईची पूजा केली. आकारामनं तिच्या शेपटीला मेंदी लावली होती, गळ्यात झेंडूची माळ. तिच्या कुल्ल्यावर हात ठेवला. वळ गेलेत. मनातला जाणार नाही.

परत येताना वाटेवर थांबले. चुन्याचे दगड. एका डोळ्यानं का होईना, आज पहिल्यांदा ते नीट पाहिले. सगळीकडं नव्हतेच ते. जिथं वाट वळते तिथं. जिथं पायरी आहे तिथं. हौदाच्या काठाला, जिथं मी गेल्या वर्षी घसरले होते तिथं. घोड्यावर चढायच्या ओट्याला.

"आकाराम, हे कधीपासून रंगवतोस?"

"गेल्या दसऱ्यापासनं."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"घोडीला आधी कळलं. तुम्ही वाट सोडून डाव्या अंगाला जाया लागला की ती उजवीकडं दाबायची. तिचं बघूनशान मला कळलं."

खाली बघत तो पुढं म्हणाला. "माझ्या बानं थोरल्या सायबांसाठी असंच केल्तं. तुमास्नी वाटायचं दिवाळीचं रंगवत्यात."

"आबांचे डोळे तर एका पावसाळ्यात गेले."

"एका पावसाळ्यात कुठलं, आक्कासाब? सात वर्सं चाललं हुतं. बा चुना लावत ऱ्हायला. बोलला न्हाय. मालकाच्या डोळ्याचं आपुन कसं बोलायचं? मरताना मला म्हणाला, आकाराम, चुना लावला ती चूक झाली, बोलायला पायजे हुतं." त्यानं फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "मला बी तोंड झालं न्हाय. म्हणूनशान त्या दिवशी पूर्णिमाताई आल्त्या, त्यास्नी फाटकात धरलं. म्हटलं, तुम्ही शिकल्याला हायसा, आन तसं बी त्या तुमच्यावर चिडल्याल्याच हायती. तुम्हीच बोला."

फाटकाजवळचा तो अर्धा तास. मी तिला चहासुद्धा पिऊ न देता हाकलली होती. आपलं काम बुडालेलं असताना ती पोर एका म्हाताऱ्याचा निरोप घेऊन आत आली होती, आणि मला वाटलं गप्पा मारत होती. मी ओट्यावर बसून पोटभर रडले. आबांसाठी रडले, या दोघांसाठी रडले, आणि खरं सांगायचं तर आनंदानंही रडले. आकाराम जाईला घेऊन तसाच उभा राहिला.

मग त्याच्या हातात आपट्याची पानं दिली आणि म्हटलं, "सोनं घे. आणि आता तो चुना धुऊन टाक बाबा. मला दिसतंय."

त्यानं पानं कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि बादली उचलली. चुन्याचीच.

"दुसरा डोळा हुईस्तोवर न्हाय," म्हणाला, आणि पहिल्या दगडापासून सुरुवात केली.